फॉर्म येतो, पण लढताना हात चालत नाही: कुंग फूच्या सरावात नेमकं काय राहून जातं

प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडमध्ये दोन वर्षं, आठवड्यातून दोनदा विंग चुन ही कुंग फूची शैली शिकतो आहे. पहिले दोन फॉर्म (एकट्याने करायचे हालचालींचे ठरलेले क्रम) पाठ आहेत, चि साव (मनगटाला मनगट टेकवून करायचा जोडीचा सराव) हाही बरा जमतो. परवा बॉक्सिंग करणाऱ्या मित्राबरोबर ग्लोव्हज घालून हलका सराव केला, तर एकही हात चालला नाही. जॅब (पुढच्या हाताचे झटपट सरळ ठोसे) खात मागे सरत राहिलो. पारंपरिक चिनी कला लढायला निरुपयोगी आहेत का? सोडून बॉक्सिंग धरू का?

बॉक्सिंग धरलंत तरी वाईट काही होणार नाही. पण दोन वर्षांत कमावलेलं फुकट गेलेलं नाही. फॉर्म आणि लढत यांच्या मधला एक अख्खा टप्पा तुम्हाला कुणी दिलेलाच नाही, आणि तो बाहेरून उसना आणायची गरज नाही. तो चिनी परंपरेत आधीपासून आहे.

पुण्यात हे समजायला फार लांब जावं लागत नाही. पेठेतल्या कुठल्याही जुन्या तालमीत बघा. पोरगा येतो, जोर-बैठका मारतो, हौदा खणतो, वस्ताद डाव दाखवतात, तो डाव जोडीदारावर घोटतो आणि मग लढत धरतो. हे रोज चालतं. नुसते जोर मारून कुणी पैलवान होतो असं तिथे कुणी मानत नाही. कुंग फूच्या बऱ्याच वर्गांत जोर आहेत, डावांची उजळणी आहे, लढत मात्र नाही. चिनी परंपरेतली साखळी तालमीसारखीच आहे. आधी ताओलू, म्हणजे फॉर्म. मग चाय झाव, म्हणजे फॉर्ममधली एकेक हालचाल सुटी करून जोडीदारावर लावून बघणं. मग वेइ झाव, म्हणजे जोडीदाराने हल्ला ‘भरवणं’, लहान मुलाला घास भरवतात तसा, झेपेल एवढाच. आणि शेवटी सान शौ, मोकळे हात. तुमच्या वर्गात पहिली कडी आहे, चि सावच्या रूपाने दुसरी अर्धी आहे, पुढच्या दोन नाहीत.

हे दुखणं आजचं नाही. मिंग काळातला सेनापती छी जीग्वांग याने १५६० च्या सुमारास, समुद्री चाच्यांशी लढणारं सैन्य तयार करताना, स्वच्छ लिहून ठेवलं की मुष्टियुद्धाचा मोठ्या लढाईशी थेट संबंध दिसत नाही, पण हातपाय चपळ करण्यासाठी नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी. १९२८ मध्ये नानजिंगला राष्ट्रीय परीक्षा झाली तेव्हा प्रत्यक्ष लढती परीक्षेचाच भाग होत्या. उलट बाजू बघायची असेल तर जानेवारी १९५४ मधली मकाऊची लढत बघा. ताय चीचे वू गोंगयी आणि श्वेत क्रौंच शैलीचे चॅन हाक-फू, दोघेही नावाजलेले. चित्रफितीत दिसतात ते मात्र अंतर न साधलेले, दुरून फेकलेले हात. दुसऱ्या फेरीत लढत थांबवली गेली, जिंकलं कुणीच नाही. ज्ञान दोघांकडे होतं, मोकळ्या लढतीची सवय दिसत नाही. पुढे १९७९ पासून चीनच्या क्रीडा खात्याने ठोसा, लाथ आणि फेक एकत्र करून सांदा या मोकळ्या लढतीच्या खेळाचे नियम बसवायला घेतले. म्हणून सांदाला ‘खरं कुंग फू नव्हे’ म्हणून नाकं मुरडणारे मला पटत नाहीत. साखळीची शेवटची कडीच आहे ती.

आता मित्राबरोबर काय झालं ते बघू.

मुख्य घोटाळा अंतराचा. चि साव सुरू होतो तेव्हा दोघांची मनगटं आधीच एकमेकांना टेकलेली असतात. तिथून पुढचं, म्हणजे दाब ओळखणं, मोकळी जागा सापडली की हात सोडणं, तुम्हाला येतं. बॉक्सर एक पाऊल बाहेर उभा असतो. आत येतो, मारतो, हात परत नेतो, बाहेर जातो. तुमचं मनगट टेकायला त्याचं मनगट तिथे असतंच कुठे? विंग चुनच्या दुसऱ्या फॉर्मचं नाव चम क्यू, म्हणजे ‘पूल शोधणं’. हाताला हात भिडला की पूल झाला. तो आयता मिळत नाही, शोधावा लागतो, हे फॉर्मच्या नावातच आहे, आणि नेमकं तेच शिकवायचं राहून जातं.

त्यापाठोपाठ पाय. पहिल्या फॉर्ममध्ये, म्हणजे स्यू निम तावमध्ये, एकही पाऊल नाही. हातांचे कोन पक्के बसावेत म्हणून तो मुद्दाम तसा रचला आहे. पण महिनोन्‌महिने त्यावरच राहिलं की वजन टाचांवर जातं, गुडघे आत वळून अडकतात आणि हल्ला आला की माणूस सरळ रेषेत मागे हटतो. सरळ मागे जाणाऱ्याला पहिला ठोसा चुकेल, पण दुसरा किंवा तिसरा लागतोच, कारण पुढे येणारा नेहमी मागे जाणाऱ्यापेक्षा वेगवान असतो. मागे एकच पाऊल टाका, दुसरं तिरकं गेलं पाहिजे.

तिसरी गोष्ट, थांबलेला हात. वर्गात जोडीदार ठोसा मारतो आणि तुमची तीन उत्तरं पूर्ण होईपर्यंत हात तसाच लांब ठेवतो. खरा हात येतो त्याच वेगाने परत जातो. शिवाय विंग चुनवाले आपापसात सरळ ठोसेच मारतात, त्यामुळे बाहेरून येणारा हुक डोळ्याला ओळखीचाच नसतो. त्यात ताठ मान आणि वर उचललेली हनुवटी. फॉर्म करताना ती शोभते, लढताना ती खाली, खांद्याच्या आडोशाला हवी.

दमाबद्दल एवढंच: दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, मध्ये एक मिनिट विश्रांती, हे सांदाचं माप आहे. दोरीवरच्या उड्या आणि बॅग याच मापाने करा. दुसऱ्या फेरीत खांदे जड होऊन हात खाली येत असतील तर तंत्राची चर्चा नंतर करू.

आता मधला टप्पा कसा बांधायचा ते. उदाहरणाला एकच हात घेऊ: डावा जॅब, त्यावर उजव्या हाताने पाक साव, म्हणजे तळहाताने थोपटून ठोसा बाजूला सारणं, आणि त्याच क्षणी डाव्या हाताचा ठोसा.

साहित्य थोडं लागतं, पण त्यात काटकसर नको. दोघांना १६ औंसांचे ग्लोव्हज (वजन ६० किलोच्या आत असेल तर १४ चालतील), साडेचार मीटरचे हॅण्डरॅप, गरम पाण्यात मऊ करून स्वतःच्या दातांवर बसवलेला माऊथगार्ड आणि जांघेचा गार्ड. हेडगार्ड घाला, पण तो कापणं-खरचटणं वाचवतो. मेंदूला बसणारा हिसका तो थांबवत नाही, म्हणून त्याच्या भरवशावर जोर वाढवू नका.

उभं राहताना डावा पाय पुढे, उजवी टाच कागद सरकेल इतकी उचललेली. उजवा हात हनुवटीसमोर, छातीपासून साधारण वीतभर पुढे. जॅब आला की हा हात डावीकडे वीत-दीड वीतच जातो, डाव्या खांद्याच्या रेषेपलीकडे नाही. त्याच वेळी उजवं पाऊल उजवीकडे आणि जरा पुढे, मागोमाग डावं. याने तुम्ही त्याच्या जॅबच्या बाहेरच्या बाजूला येता आणि त्याचा जड उजवा हात लांब पडतो. ठोसा पावलाबरोबर सुटला पाहिजे. आधी थोपव, मग मार, असे दोन ठोके पडले की तोपर्यंत त्याचा दुसरा हात आलेला असतो.

सुरुवातीला जोडीदाराने तुमच्या कपाळाच्या रोखाने, निम्म्या वेगाने, ठरलेल्या तालात जॅब मारायचा. अट एकच: तुम्ही काहीच केलं नाही तर ग्लोव्ह कपाळाला लागलाच पाहिजे. इथे जोडीदाराची भूतदया घात करते. तो नकळत चार बोटं आखूड किंवा कानाच्या बाजूने मारतो आणि तुम्ही हवेला थोपटायला शिकता. मधून मधून हात खाली ठेवून उभं राहा आणि ठोसा खरंच पोचतो का तपासा. एका बाजूला वीस, मग अदलाबदल, असे तीन वेळा.

जमलं की ताल काढून टाका. जोडीदार हवं तेव्हा मारेल, दहा सेकंद गप्पही राहील. इथे दिसणारी नेहमीची चूक म्हणजे हात पुढे जाऊन ठोसा शोधायला लागतो. पुढे गेलेल्या हाताच्या मागे चेहरा उघडा पडतो आणि एका हुलकावणीत काम संपतं. हाताने ठोशाची वाट बघायची, त्याला सामोरं जायचं नाही. श्वास रोखणं आणि डोळे मिटणं या खोडीही इथेच उघड होतात. ठोसा सोडताना नाकातून फुस्स आवाज काढला की श्वास आपोआप सुटतो.

त्यापुढे जोडीदाराला दोन पर्याय द्या: नुसता जॅब, किंवा जॅब-क्रॉस (जॅबमागोमाग मागच्या हाताचा सरळ ठोसा). मग हुलकावणीची परवानगी. मग त्याला पाय हलवायची मोकळीक. आणि शेवटी दोन मिनिटांची फेरी, ज्यात तो बॉक्सिंगमधलं काहीही करेल, पण चेहऱ्यावर तीस टक्के जोराने. तुम्ही मात्र पाक साव-ठोसा आणि पावलं एवढंच वापरायचं. मोजदाद ठेवा. दहापैकी सात वेळा जमलं की पुढची पायरी, तीनपेक्षा कमी जमलं की एक पायरी खाली. खाली उतरण्यात कमीपणा नाही, वस्तादही डाव बसेना तेव्हा पुन्हा हळू करून दाखवतात. आठवड्यातून तीन वेळा अर्धा तास दिला तर या एका हाताला सहा ते आठ आठवडे लागतात. सगळा फॉर्म एकदम लढतीत उतरवू पाहणाऱ्याच्या हाती यातलं काहीच लागत नाही.

हुकला पाक साव लावू नका. हात वाकडा येतो, थोपटायला पृष्ठभागच मिळत नाही. तळवा कानामागे, कोपर समोर, हनुवटी खाली, आणि आत घुसून मिठी. इथे चि साव पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कामाला येतो, कारण आता हात भिडलेले आहेत. त्याच्या दंडावर मनगट ठेवून दाब वाचणं, लाप सावने हात खेचून तोल मोडणं, हे सगळं बॉक्सरला अनोळखी असतं.

पण मिठीनंतर काय? विंग चुनच्या वर्गात इथे बहुतेकदा शांतता असते. चिनी उत्तर म्हणजे श्वाय ज्याव, त्यांची जॅकेटची कुस्ती. पावलांखेरीज अंगाचा कुठलाही भाग जमिनीला टेकला की गुण गेला, पुढे जमिनीवर झटापट नाही. फॉर्ममध्ये ‘अडवणं’ म्हणून शिकवलेल्या कित्येक हालचाली मुळात फेकीच्या आहेत. ताय चीमधली ‘रानघोड्याची आयाळ विंचरणं’ घ्या: पाय समोरच्याच्या पायामागे, हात छातीवर आडवा, कमरेला पीळ. तालमीतल्या पोराला दाखवलंत तर तो बाहेरून मारलेली टांग म्हणून लगेच ओळखेल. आणि इथे पुणेकराचं नशीब जोरावर आहे. श्वाय ज्याव शिकवणारा शोधत बसण्यापेक्षा सहा महिने सकाळी तालमीत जा. वस्तादांना सरळ सांगा की उभ्याचे डाव शिकायचेत: टांग, ढाक, एकेरी पट. लाल मातीत पडणं सोपं जातं आणि रोज वेगळ्या वजनाच्या माणसाशी झटायला मिळतं. फक्त गुडघा टेकवून मारायचा दुहेरी पट मातीतच ठेवा. डांबरावर तोच गुडघा फुटतो.

फेक शिकण्याआधी पडायला शिका. मागे पडताना हनुवटी छातीला, पाठ गोल, आणि दोन्ही हात अंगापासून साधारण ४५ अंशांवर, तळव्यासकट आपटायचे. हात मागे ताठ टेकवून शरीर सावरायला गेलात तर मनगट किंवा कोपर मोडतं; हाडं मोडण्याची ही सर्वांत जुनी तऱ्हा आहे. आधी उकिडवं बसून पन्नास वेळा, मग उभ्याने. खाली किमान ४० मिलिमीटर जाडीची फोमची मॅट हवी. सोसायटीच्या हॉलमधल्या शहाबादी फरशीवर सतरंजी टाकून फेकीचा सराव करणारे दिसतात, ते कृपा करून थांबवा. पावसाळ्यात बागेतल्या ओल्या गवतावरही फक्त फॉर्म करा, कारण पाय घसरला की गुडघ्याचा अस्थिबंध जातो.

उघड्या मुठीबद्दल सांगणं गरजेचं आहे, कारण ग्लोव्हज खोटा धीर देतात. विंग चुनचा उभा ठोसा खालच्या तीन पेरांवर बसतो. तो कवटीला लागला तर अनामिका आणि करंगळीच्या मागची तळहाताची हाडं मोडतात. रस्त्यावर चेहऱ्यासाठी तळहाताची टाच (मनगटाजवळचा भाग), मूठ छाती-पोटासाठी. हात कठीण करण्याची जुनी पद्धत म्हणजे कापडी पिशवीत मूग भरून त्यावर हाताच्या वजनानेच तळवा सोडणं. लोखंडी छरे फार नंतर येतात. मुगाच्या पिशवीवर रोज पन्नास-साठ वेळा पुष्कळ झालं. अठरा वर्षांखालच्यांनी हे करूच नये, त्यांच्या हाडांची वाढ व्हायची असते. मारानंतर चोळायचं, मद्यात मुरवलेलं चिनी औषध, दित दा जाव, हे फक्त बाहेरून लावायचं. काही पाककृतींत बचनागाच्या जातीची विषारी मुळं असतात, जखमेवर किंवा तोंडात जाता कामा नये.

“आमचे डाव इतके घातक आहेत की त्यांचा मोकळा सराव करता येत नाही” हे वाक्य ऐकलंत तर त्या वर्गातून नम्रपणे बाहेर पडा. ज्याला हलणाऱ्या माणसाच्या कपाळाला ग्लोव्ह लावता येत नाही, त्याचं बोट हलणाऱ्या डोळ्यात जाणार नाही. क्लास निवडताना पट्टे आणि फोटो बघू नका. एक अख्खा तास बसून बघा. मुलं घामाघूम होतात का? जोडीदार कधी विरोध करतो का, की सरांनी हात लावला की पडतोच? जुने विद्यार्थी सरांना मोकळेपणी प्रश्न विचारतात का? “लढतीचा सराव कोणत्या वारी असतो?” हा प्रश्न विचारा. उत्तरात वार आला तर चांगलं, व्याख्यान आलं तर नाही. तुमच्या सरांना सोडायची घाई मात्र करू नका. वर सांगितलेला सराव वर्गानंतर अर्धा तास करायची परवानगी मागा. पुष्कळ शिक्षकांना ते मनापासून हवं असतं, विद्यार्थीच मार नको म्हणून पळतात.

डोक्याच्या मारात तडजोड नाही. पूर्ण जोराच्या फेऱ्या महिन्यातून एकदा, त्याही अंगावर; चेहऱ्यावर कायम हलका हात. मार लागल्यावर डोकं दुखलं, गरगरलं, मळमळलं किंवा आधीचं आठवेना, तर त्या दिवशी सराव बंद, डॉक्टरांकडे जायचं, आणि लक्षणं पूर्ण जाऊन डॉक्टरांनी होकार देईपर्यंत डोक्याला एकही फटका नको. घरी जाताना गाडीही दुसऱ्याला चालवू द्या.

रस्त्यावरचं भांडण हा निराळा विषय आहे. पुण्यात ते बहुधा सिग्नलला, गाडी घासल्यावरून पेटतं. दुचाकीवर असाल तर हेल्मेट काढू नका. दोन्ही तळवे छातीसमोर उघडे ठेवून “दादा, जाऊ द्या” म्हणत एक पाऊल तिरकं मागे व्हा. बघणाऱ्याला ती समजूत घालणं वाटते, आणि हात मात्र नेमके पाक सावच्या जागेवर असतात. माणसं दोन असतील तर एकाला दुसऱ्याच्या आड ठेवा आणि निघून जा. हत्यार दिसलं की पळा, ११२ लावा. भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत खाजगी संरक्षणाचा हक्क आहे, पण ३७ वं कलम सांगतं की बचावासाठी लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. समोरचा पडला किंवा पळाला की तुमचा हक्क संपला. त्यानंतरची लाथ हा तुमचा गुन्हा.

आठवड्याची आखणी तुमच्या वेळेत बसेल अशी: वर्गाचे दोन दिवस आहेत तसेच, त्यांना जोडून अर्धा अर्धा तास वरचा सराव. तिसरा अर्धा तास रविवारी, मित्राबरोबर. दोन सकाळी तालीम. स्यू निम ताव रोज एकदा, दहा मिनिटं, सावकाश; कोन बिघडले नाहीत ना हे तपासायला त्याच्याइतकं चांगलं साधन नाही. लाकडी पुतळा असेल तर तोही कोनांसाठीच, तो मागे हटत नाही आणि मारत नाही हे लक्षात ठेवून.

आठ आठवड्यांनी त्याच मित्राकडे जा आणि त्याला दोन मिनिटं फक्त जॅब मारायला सांगा, पूर्ण वेगाने, हलक्या हाताने. किती लागले आणि किती वेळा तुम्ही बाहेरच्या बाजूला पोचलात ते तिसऱ्याला मोजायला लावा, नाही तर फोन स्टँडवर लावून चित्रण करा. निम्मे जॅब चुकले असतील तर पुढच्या फेरीत त्याला क्रॉस उघडून द्या.